दुधाने चिकटवलेलं माहेर

ये गं केतकी, अशी जवळ बस. दारात काय उभी राहतेस परक्यासारखी? पर्स ठेव, फोनही ठेव. आणि चहा होईपर्यंत माझी थोडी बोलणी खा. परवा मंडळाच्या फराळाला तू शैलाची नक्कल केलीस. ग्लास तिरका धरून, मान वाकडी करून, "आधी वास घ्या, मग नावं ठेवा," असं अगदी तिच्या सुरात, तिच्यासारखं हसून म्हणालीस. बायका पोट धरधरून हसल्या. हुबेहूब केलीस, नाही म्हणत नाही मी. पण राणी, ज्या माणसाची नक्कल करायची ते माणूस आधी पुरतं माहीत असावं. तुला ती मंडळात फार तर दोनदा दिसली असेल. माझी ती शेजारीण होती, इथेच टॅम्पिनीसला, दोघींच्या मधे एक भिंत. तेव्हा आता गुमान ऐक.

तुझे काका गेले आणि माझ्या मंदारने मला भारतातून इकडे आणलं. तो आणि सून सकाळी एमआरटीची गाडी पकडायला पळायची, मग दिवसभर मी आणि हा फ्लॅट. आल्या आल्याच एकदा कॉरिडॉरमध्ये वास सुटला. आंबूस, थोडा पावासारखा, थोडा शिळ्या भातासारखा. मी कपडे वाळत घालत होते. इथे आपलं बोलणं कुणाला कळतंय, म्हणून मोठ्याने म्हणाले, "काय मेलं सडवून ठेवलंय घरात, देव जाणे."

तर शेजारच्या ग्रिलच्या दाराआडून शुद्ध पुणेरी मराठीत उत्तर आलं, "सडलेलं नाही, आंबतंय. दोन्हींत फरक असतो."

मी गारच पडले. दारावर चिनी अक्षरांचा लाल कागद, आत भिंतीवर एका चिनी गृहस्थाचा हसरा फोटो, आणि दारात ही. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पांढरे केस मानेवर कापलेले, गुडघ्यापर्यंतची विजार, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. विचारलं, काय आंबतंय, इडलीचं पीठ का? "बिअर," ती म्हणाली. मी ज्या आवाजात 'वरण' म्हणेन ना, त्या आवाजात.

मला वाटलं, आता पोलीस येणार आणि साक्षीला मला बोलावणार. तर तिने मला आत बसवून समजावलं की इथे स्वतःपुरती घरी करायला बंदी नाही, विकायची मात्र नाही. तिने कधी विकलीही नाही. वाटायची. हा नाद मुळात तिच्या नवऱ्याचा, व्हिन्सेंटचा. फोटोतला तोच. शाळेत रसायन शिकवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढवायचा. तो अचानक गेला तेव्हा एक पिंप अर्धवट आंबलेलं राहिलं होतं. सगळे म्हणाले, ओतून टाक. हिने ओतलं नाही. पुस्तकं उघडून, चुकतमाकत ते पुरं केलं आणि तेराव्याला, म्हणजे तिने आपला तेरावा धरला होता, त्याच्या मित्रांना पाजलं. त्यातला एक म्हणाला म्हणे, व्हिन्सेंटपेक्षा बरी झाली आहे. त्या दिवसापासून ही त्यातच.

तिचं ते काम बघायला मी शेंगा निवडायचं निमित्त करून जाऊन बसायची. मोड आणून भाजलेले जव, ते गरम पाण्यात मुरवायचे, गाळायचे, मग त्यात हॉप्स नावाची वाळकी कडू फुलं टाकून उकळायचं. आणि त्या बाटल्यांची धुणी! एकदा बाटली औषधाच्या पाण्यातून काढली की तिला कुणी हात लावायचा नाही. मी एकदा नुसती बाजूला सरकवली, तर ती बाटली परत पहिल्यापासून धुतली तिने. मी म्हटलं, माझ्या सासूबाईंचं सोवळं याहून सैल होतं. तर म्हणते, "त्यांच्या सोवळ्यात चूक झाली तर देव रागवायचा, माई. माझ्यात झाली तर बाटली फुटते."

अशीच बोलायची. गोड बोलणं तिला जमायचं नाही. मंडळाच्या गणपतीत तिने उकडीचे मोदक करून आणले होते, नाजूक, कळ्या मोजाव्यात असे. कुठल्याशा बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या गृहस्थांची बायको, भरजरी नेसून आलेली, सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, "शैलाताई, मोदक राहू देत, तुमच्या घरचं तीर्थ नाही आणलंत?" बायका हसल्या. शैला मोदकांचं ताट खाली ठेवत शांतपणे म्हणाली, "तीर्थ संपलं हो. तुमच्या मिस्टरांनी मागच्या शनिवारीच नेलं." बाई झांजा घेऊन आरतीत शिरल्या. पण खरं सांगू? त्या बायका तिच्या पाठीमागे तिला काय काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे. चिन्याशी लग्न केलेली, दारू गाळणारी. आणि त्यांचेच नवरे तिच्याकडे रिकाम्या पिशव्या घेऊन जायचे. ते नवरे तिला वहिनी म्हणायचे हो, पण एकानेही कधी तिला आपल्या घरी जेवायला बोलावलं नाही.

तिला त्याचं फारसं वाटत नसे. तिला वाटत असे ते एकाच गोष्टीचं.

व्हिन्सेंटशी लग्न करणार असं तिने पुण्याला कळवलं, तेव्हा वडिलांनी उलट कळवलं की आजपासून आम्हाला एकच अपत्य, आणि तो मुलगा आहे. तो मुलगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, अविनाश. आई सदा अंथरुणाला, त्यामुळे त्याचं न्हाणं-खाणं, अभ्यास, आजारपणं हिनेच काढलेली. वडील ते बोलले तेव्हा तो काही कुक्कुलं बाळ नव्हता, नोकरीला लागलेला बाप्या होता. घरातच होता. काही बोलला नाही. आईवडील गेल्यावर मात्र तो भाऊबीजेला फोन करायला लागला. दोन मिनिटं. कशी आहेस, बरी आहेस ना, इकडे सगळं ठीक. पण "ये" असं एकदाही नाही. ही पुण्याला बत्तीस वर्षांत पाऊल टाकून आली नव्हती. मी एकदा म्हटलं, अगं, तूच जा की, भाऊ काय हाकलून देणार आहे? तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलावल्याशिवाय जाणार नाही, माई. बोलावलं तर चालत जाईन."

मग त्या वर्षी तिचा भाचा, रोहन, अविनाशचा थोरला, ऑफिसच्या कामाला इथे आला. आत्याकडे जेवला, आत्याची बिअर प्याला आणि वेडाच झाला. त्या दिवसांत तिकडे पुण्यात अशा खास बनवलेल्या बिअरचं खूळ निघालं होतं, पोरं एकेका ग्लासासाठी वाट्टेल तेवढं मोजायची म्हणे. त्याने घरी जाऊन कौतुक केलं असणार. थोड्याच दिवसांनी अविनाशचा फोन आला, तोही भाऊबीज नसताना. शैलाचे हात ओले असायचे, म्हणून ती फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजातच बोलायची. मी तिथेच होते. तो म्हणाला, माझी साठी करताहेत सगळे, मुळशीला रिसॉर्ट घेतलंय, झाडून सगळे नातेवाईक जमणार आहेत, आणि रोहन म्हणतो आत्याची बिअर हवीच. पाठवशील का?

"पाठवीन की," शैला म्हणाली.

"मग झालं तर. बिअर आली म्हणजे तूच आलीस, ताई."

फोन ठेवल्यावर ती तशीच उभी. हातातून पाणी गळतंय, त्याचं भान नाही. मला बाई ते वाक्य जरा खटकलं. आपल्यात कोण म्हणतं असं? लांबच्या कुणी लग्नाला न येता आहेर धाडला, की आपण म्हणतो, आहेर आला म्हणजे तुम्हीच आलात. म्हणजे तुम्ही आला नाहीत तरी चालेल, असंच ना ते? मी विचारलं, "अगं पण, ये असं म्हणाला का तो?"

"म्हणाला की. आलीस म्हणाला ना."

त्या घरातून 'येणं' या शब्दाचं कुठलंही रूप तिने बत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. जे कानावर पडलं ते तिने पोटाशी धरलं.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने मी तिला जशी बघितली तशी आधी कधी नाही आणि नंतरही नाही. गुणगुणायची. साठीची बिअर वेगळी हवी म्हणून बाटलीत भरताना साखर घालतात तिथे गूळ घालून बघितला. सेरंगूनकडच्या दुकानातून तीन तऱ्हांचे गूळ आणले, दोन नापास केले. रंग काय सुंदर आला होता गं, मधासारखा. मग चिठ्ठ्या केल्या. पांढरा कागद, त्यावर स्वतःच्या हाताने काळ्या शाईत एकच शब्द, 'माहेर'. प्रत्येक बाटलीला एक. ती चिठ्ठी ती दुधाने चिकटवायची. कागदाला मागून दूध लावायचं आणि काचेवर दाबायचं, वाळलं की पक्कं बसतं. मी म्हटलं, खळ कर ना चांगली. तर म्हणाली, दुधाचं बरं असतं, पाण्यात टाकलं की अलगद सुटतं, बाटली परत वापरता येते, खरवडावी लागत नाही.

आता पाठवायची कशी? कुरिअरच्या दुकानात गेलो आम्ही दोघी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अल्कोहोल कॅनॉट, आंटी." दुसरीकडे गेलो, तिथेही कॅनॉट. मग आपल्या लोकांची जी रीत आहे तीच. कोण कधी भारतात चाललंय ते शोधायचं आणि त्याच्या बॅगेत दोन बाटल्या कोंबायच्या. जाणारा माणूस सामान किती भरलंय म्हणून कुरकुरतो आणि शेवटी नेतो. माझा मंदार घेऊन गेला, त्याच्या ऑफिसातली पोरं घेऊन गेली, ते तीर्थवाल्या बाईचे मिस्टरसुद्धा बायकोच्या नकळत घेऊन गेले. बाटली फुटू नये म्हणून शैला ती व्हिन्सेंटच्या जुन्या लोकरी पायमोज्यांत घालायची. एका मोज्यात एक बाटली, वरून प्लॅस्टिक, वरून टॉवेल. मोजे सारखे करताना एकदा म्हणाली, "तो कधी माझ्या माहेरी गेला नाही. त्याचे मोजे तरी चाललेत."

एकच बाटली वाटेत फुटली. नेमकी कुणाच्या तरी भाचीच्या लग्नाच्या शालूवर. त्या बाईने मुंबईहून फोन करून शैलाला जे सुनावलं ते मी इथे सांगत नाही. शैलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरी शाबूत आहे ना?"

बाकी सगळ्या पोचल्या. रोहन एकेकाकडे जाऊन गोळा करत होता, पोचल्याचं कळवत होता. आणि शेवटच्या दोन बाटल्या हिने मागे ठेवल्या, कारण त्या ती स्वतः नेणार होती. तिकीट काढलं होतं. मोतिया रंगाची साडी घेतली. ब्लाऊज शिवून आला तो घालून मला दाखवायला आली, विजारीवरच साडी गुंडाळून, आणि विचारते, "माई, निऱ्या अजून अशाच घालतात ना तिकडे?"

निघायच्या आठवड्यात तिने अविनाशला फोन लावला. मी होतेच. ती बाटल्या धूत होती आणि बोलत होती. "अवि, तिकीट काढलंय हं मी. शुक्रवारी पोचते. मुंबईहून टॅक्सी करीन, तू धावाधाव करू नकोस."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

मग तो म्हणाला, "अगं ताई, कशाला दगदग करतेस या वयात?"

"दगदग कसली? विमानात नुसतं बसायचं."

"तसं नाही. म्हणजे काय आहे, प्राचीचं जमत आलंय. ती मुलाकडची मंडळीही येणार आहेत मुळशीला. जुन्या वळणाची माणसं आहेत. त्यांना अजून आपल्याकडचं सगळं सांगितलेलं नाही. नंतर सावकाश सांगू. आणि मी म्हटलंच होतं ना तुला, बिअर आली म्हणजे तूच आलीस."

प्राची म्हणजे त्याची मुलगी. शब्द तेच होते गं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पहिल्या वेळी त्याच शब्दांनी ती मोहरली होती. या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही, हातांकडे बघत राहिले. हात थांबले नव्हते. बाटलीत ब्रश फिरतच होता.

"हो, ते आहेच," ती म्हणाली. "रोहनला सांग, आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उभ्या ठेव म्हणावं, आडव्या नाही. ओतताना ग्लास तिरका धरायचा. तळाशी गाळ असतो, तो ओतू नका. पाहुण्यांना चांगलं दिसत नाही."

तू परवा केलास ना तो तिरका ग्लास, तो हा.

साठी झाली. रोहनने फोटो पाठवले, खाली लिहिलं होतं, आत्या, सुपरहिट. ती फोन घेऊन माझ्याकडे आली. हिरवळीवर लांबलचक टेबल, फुलं, माणसंच माणसं, सगळ्यांच्या हातात ग्लास. भावाच्या शेजारी ते जुन्या वळणाचे व्याही, त्यांच्याही हातात ग्लास, मिशीला फेस. आणि टेबलावर ओळीने तिच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीवर छापील चकचकीत कागद. त्यावर अविनाशचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली 'साठीचा तरुण'. 'माहेर' एकाही बाटलीवर नव्हतं. मी चष्मा पुसून पुसून बघितलं. एकही नाही.

मी म्हटलं, "शैला..."

ती म्हणाली, "फेस चांगला धरलाय." मग फोन पालथा ठेवला. "दुधाने चिकटवलं होतं, माई. ओढावंसुद्धा लागलं नसेल त्यांना."

मला इतका संताप आला होता की वाटलं त्या माणसाचा नंबर घ्यावा आणि त्याला विचारावं, व्याह्यांना काय सांगितलंस रे, बिअर कुणाची म्हणून? बहिणीच्या हाताची चालते, बहीण चालत नाही? तिने मला फोन करू दिला नाही. घरी गेली आणि त्या मागे ठेवलेल्या दोन बाटल्यांपैकी एक घेऊन आली. दोन ग्लास काढले, मला न विचारता. मी जन्मात कधी थेंब घेतला नव्हता, तुला माहीत आहे. पण त्या दुपारी नाही म्हणायची माझी टाप नव्हती. कडू होती. गूळ कुठल्या कुठे गेला होता. घशाखाली उतरेना, तरी मी ग्लास रिकामा केला. तिने विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "वाईट आहे." तेव्हा पहिल्यांदा ती रडली. फार नाही, थोडी.

पुढे तीन-चार महिन्यांनी अविनाशचा परत फोन. प्राचीचं लग्न ठरलं, व्याह्यांनी खास आठवण काढली, तुझी बिअर येऊ दे ताई. लग्नाला येशील का, ते याही वेळी नाही. शैला म्हणाली, "संपली." तिच्या खोलीत पलंगाखाली साठीनंतर केलेल्या बिअरच्या दोन पेट्या भरलेल्या होत्या, मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. तो काहीतरी म्हणत होता, थोडी नवीन कर ना, वेळ आहे अजून. ती परत तेवढंच म्हणाली, "संपली, अवि." त्यानंतर तिने पातेलं चढवलं नाही. पिंपं, नळ्या, बाटल्या, सगळं व्हिन्सेंटच्या एका मित्राला देऊन टाकलं. कॉरिडॉरला वास यायचा थांबला. मला वाटलं होतं सुटेन त्या वासातून, पण कपडे वाळत घालताना मी उगाच नाक वर करून उभी राहायची.

वर्षभरात तिने फ्लॅट विकला आणि सेरंगूनला व्हिन्सेंटच्या बहिणीजवळ राहायला गेली. जाताना माझ्याकडे आली, वाकून नमस्कार केला, म्हणाली, येते. आपल्यात जाताना येतेच म्हणतात ना.

आली नाही.

मग एकदा सुनेबरोबर मी सेरंगूनच्या मॉलला गेले होते. खाली फूड कोर्टात एका गोल टेबलाशी ती दिसली. भोवती सगळी व्हिन्सेंटकडची माणसं, म्हाताऱ्या, लेकी-सुना, एक तान्हं पोर हिच्या मांडीवर. कुणीतरी हिच्या वाडग्यात मासा वाढत होतं, ही चिनीत काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. लगबगीने गेले आणि हाक मारली, "शैला, अगं किती दिवसांनी. कशी आहेस?"

तिने वर बघितलं. ओळखलं, डोळ्यांत दिसलं मला. उठली, माझा हात हातात घेतला. आणि म्हणाली, "आय ॲम गुड, आंटी. यू?"

मी मराठीतच बोलत राहिले. गुडघे कसे आहेत, मंदारची बदली व्हायचं चाललंय, तुझ्या घरात आता एक मलय कुटुंब आलंय. ती ऐकत होती, मान हलवत होती, सगळं समजत होतं. उत्तर एकेकच, इंग्रजीत. जणू ती भाषा तिने दार ओढून आत बंद करून टाकली होती आणि मलाही बाहेरच ठेवलं होतं. मी तिच्या भावाची कुणी नव्हते गं. पण मी बोलायची ती त्याच घरची भाषा होती. शेवटी म्हटलं, ये ना एकदा घरी, आपण दोघीच बसू. तर हसली आणि इथल्या लोकांसारखंच म्हणाली, "कॅन, कॅन. वन डे, लाह." आणि वळून मांडीवरच्या पोराला भरवायला लागली. मी एस्कलेटरवरून मागे बघितलं तेव्हा ती त्या पोराचं तोंड पुसत होती. तीच शेवटची. नंतर दिसली नाही.

आता तुझा चहा गार झाला, दुसरा करते. आणि तू नक्कल करायची तर कर बाई, मी कोण अडवणार, पण ते "वास घ्या, मग नावं ठेवा" म्हणताना तिच्यासारखं हसू नकोस, त्या हसण्याखाली काय होतं ते आता ऐकलंस ना. तुला क्लेमेंटीला परत जायचंय, उशीर करत नाही. पण लवकर ये हं पुन्हा. पुढच्याच रविवारी ये. आधी फोन करून 'येऊ का' विचारत बसायचं नाही. नुसतं यायचं.